वारा किती आहे वर

कोत्काच्या बंदरात रात्रपाळी दहाला सुरू होते.
जहाज बर्फ फोडत उशिरा येणार असलं
की मी केबिनमध्ये लॅपटॉप उघडते,
एकाच हातातला मोजा काढून.

तीन वर्षं मी राखाडी फौजेत आहे.
आमची गोष्ट सरळ आहे:
निळ्यांनी पूल जाळला.
पुलावर आमची माणसं होती.
त्यानंतरचं सगळं त्या पुलाचं देणं.

निळा समोर आला की बोलतो काहीतरी,
पण गेम त्याची अक्षरं दळून देतो.
पीठ दिसतं, धान्य कुठलं ते कळत नाही.
मग उरतं हात हलवणं, वाकणं,
नाहीतर तलवार.

नदीकाठच्या लव्हाळ्यात रोज एक जण असतो.
डोक्यावर लिहिलेलं, 'निळा टेहळ्या'. एवढंच.
मारला की बारा नाणी,
आणि एक चामडी पिशवी, जिला बाजारात भाव नाही.
किती वेळा मारला असेल?
मोजायचं असतं असं कधी वाटलं नाही.
दर सहा मिनिटांनी तो पुन्हा उगवतो.

जानेवारीत जहाज अडकलं. तीन रात्री काम नाही.
कंटाळ्यापोटी, खरंच फक्त कंटाळ्यापोटी,
मी निळ्यांत एक बाई जन्माला घातली,
हातात विळा, अंगावर गोणपाट.
त्यांच्या गावात सगळे मला कळेल असं बोलत होते,
याचंच आधी नवल वाटलं.
पूल तिथेही जळालेला होता.
पण तिथे तो त्यांनी, म्हणजे आम्ही,
म्हणजे नक्की कोणी
ते मला दोनदा वाचावं लागलं.

गिरणीवाली म्हणाली, माझा ओस्मी नदीवर बसलाय,
पाणी मोजतोय,
पूर आला तर गाव हलवायला हवं.
एवढा पाव दे त्याला.
आणि तिने माझ्या हातात एक चामडी पिशवी ठेवली.

पिशवी मी ओळखली.

लव्हाळ्यात तो होता. डोक्यावर नाव होतं.
पाव घेऊन म्हणाला, दोन बोटं चढलंय.
तेवढ्यात धुक्यातून एक राखाडी आला,
माझ्याच पलटणीतला, रोजच्या ओळखीचा.
मी ओरडले, थांब.
माझी अक्षरं दळली गेली.

सहा मिनिटं उभी राहिले तिथेच.
ओस्मी उगवला. पाव आणलास का, म्हणाला,
पहिल्यांदाच भेटल्यासारखा.

आमच्या बंदरातही एक पूल जळालेला आहे.
एकोणीस दिवसांचा संप होता.
अकराव्या दिवशी टाउनोने फाटक ओलांडलं.
तेव्हापासून त्याच्या डोक्यावर एकच शब्द आहे, नाव नाही.
डबा खायच्या खोलीत तो आला
की आमचं बोलणं आपोआप पीठ होतं.
संप बरोबर होता. आजही म्हणेन.
पण त्याच्या बाजूने ती गोष्ट कोणी लिहिली असेल
तर मी ती वाचलेली नाही.
त्यात मी बहुधा
धुक्यातून येणारी कुणीतरी असेन.

चौथ्या रात्री जहाज लागलं.
तो वर क्रेनमध्ये, मी खाली.
वायरलेसवर आकडे बोलायचे असतात, तेवढेच बोलतो.
सातवा कंटेनर. आठवा.
नवव्याला मी बटण दाबलं, विचारलं,
वारा किती आहे वर?

विचारायची गरज नव्हती.
तो आकडा माझ्या समोरच्या पडद्यावर असतो.

खरखर झाली. बराच वेळ नुसती खरखर.
मग, चौदा.
आणि बटण सुटता सुटता,
तुझ्याकडे?